गाडी उशिरा वळते

चंद्रहासरावांनी खोकं उघडलंच नाही. उलटं करून कडेला छापलेला नंबर वाचला, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला, आणि जेवणाच्या टेबलावर ते इतक्या जोरात ठेवलं की मनोरमाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी खाली सांडली.

"हा मी सांगितलेला प्रोसेसर नाही."

"बाबा, आधी ऐका तरी," उमंग म्हणाला. तो फुलपाड्याहून स्कूटरवर निर्मळला आला होता; हेल्मेट अजून हातातच होतं. "हा तुमच्या आत्ताच्या मदरबोर्डवर बसतो. अर्ध्या तासाचं काम. तुमचा तो घेतला तर बोर्ड बदला, रॅम बदला, सगळंच नवीन."

"मग बदलायचं. ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

"तसं नाही."

"ही मागची पिढी आहे. मी तिन्ही पिढ्यांची तुलना करून पाठवली होती तुला. कोअर किती, कॅशे किती, खेळात ट्रॅकवर वीस गाड्या एकदम आल्या की कोण किती टिकतो. वाचलीस?"

उमंगने हेल्मेट खुर्चीवर ठेवलं.

"वाचली."

"मग?"

"तुम्हाला एवढं लागणार नाही, बाबा."

मनोरमाबाई मेथी गोळा करायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

"लागणार नाही," चंद्रहासराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मानेवरची शीर उभी राहिली. "स्कूटरची किल्ली घेतलीत, म्हणालात लागणार नाही. वाडीत पाणी सोडायला गडी ठेवलात, म्हणालात तुम्ही कशाला जाता. आता कॉम्प्युटरमध्ये काय घालायचं तेही तूच ठरवणार. घेऊन जा तो."

"अहो, एवढा लांबून आलाय तो," मनोरमाबाई म्हणाल्या.

"त्याला सांग, परत जाताना खोकं विसरू नकोस म्हणून."

उमंग चहा न घेताच गेला.

कॉम्प्युटरवरचा मोटारशर्यतीचा हा खेळ खरं तर उमंगनेच घरात आणला होता. लग्नानंतर फुलपाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये स्टिअरिंग आणि पेडलं मावेनात, म्हणून तो कॉम्प्युटरसकट सगळं निर्मळच्या मागच्या खोलीत ठेवून गेला. बँकेतून निवृत्त झालेले चंद्रहासराव त्या खोलीत आधी नुसते धूळ पुसायला जात. मग एकदा त्यांनी पेडलवर पाय ठेवून बघितला. वर्षभरात ते दर शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन शर्यतीत उतरू लागले. होळी गावातला क्लिफर्ड त्यांच्या संघात होता. बाकीचे इंदूरचे, कोईमतूरचे, आवाजाने ओळखीचे. तिथे कुणी वय विचारत नसे. "चंदू, आतून घुस!" असं पोरं ओरडत, आणि चंदू आतून घुसत असे.

गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. आठवडाभर हॉस्पिटल, मग घरी व्यायाम. बोलणं सुधारलं, चालणं जवळजवळ सुधारलं. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, नशीबवान आहात. चंद्रहासरावांना ते पटलंही. फक्त शर्यतीत काहीतरी बिनसलं होतं. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी क्षणभर सरळच जायची आणि मग वळायची. तेवढ्यात ती वाळूत गेलेली असायची. त्यांनी केबल बदलली. पेडलांच्या स्प्रिंगा बदलल्या. खेळ पुसून पुन्हा टाकला. गाडी उशिराच वळली. संघातल्या कुणीतरी हळूच विचारलं, "चंदू, आज बसतोस का बाहेर?" त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

क्लिफर्ड म्हणाला, "प्रोसेसर जुना झाला असेल, काका. गर्दी झाली की दमतो."

हे मात्र चंद्रहासरावांना लगेच पटलं. त्यांनी नव्या पिढ्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एका कंपनीचा जास्त कॅशेवाला, दुसरीचा जास्त कोअरवाला, पुढच्या वर्षी येणारा. कोण किती तापतो, कोणाला कुठला बोर्ड लागतो. बँकेत कर्जाच्या फाइली तपासाव्यात तसे ते तपासत बसले. शेवटी ठरवलं ते ठामपणे ठरवलं. आणि उमंग दुसराच घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः निघाले. एकट्याला सोडणार नाही म्हणून मनोरमाबाई रिक्षात शेजारी बसल्या. वसईला पारनाक्यामागच्या गल्लीत जेन्सनचं दुकान होतं. क्लिफर्डने पत्ता दिला होता. काउंटरमागे तिशीतला जेन्सन एका उघड्या कॅबिनेटमधली वायर बांधत होता.

"या काका, बोला. नातवासाठी?"

"माझ्यासाठी," चंद्रहासराव म्हणाले. "आणि आधी ऐकून घे, मग बोल."

त्यांनी नाव, पिढी, बोर्ड, रॅम, पंखा, सगळं एका दमात सांगितलं. जेन्सनने वायर खाली ठेवली.

"सॉरी, काका. माहिती काढलीय तुम्ही. एकच विचारू? आत्ता खेळताना तुमचा प्रोसेसर किती टक्के चालतो? स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा येतो बघा."

चंद्रहासराव काचेच्या कपाटाकडे बघू लागले.

"नव्वदच्या वर जात असेल तर बदलाच," जेन्सन म्हणाला. "पण चाळीस-पन्नासवर असेल तर त्याची चूक नाही. मग नवीन घालूनही काही होणार नाही. मी आपला खरं सांगतो."

"पंच्याण्णव," चंद्रहासराव म्हणाले.

"मग घ्या, डोळे मिटून."

मनोरमाबाईंना टक्के कळत नव्हते. पण नवरा समोरच्याकडे न बघता कधी बोलतो ते त्यांना कळत होतं.

परतताना खोकी दोघांच्या मध्ये सीटवर होती. रिक्षा गाव सोडून वाड्यांच्या रस्त्याला लागली तशी चंद्रहासरावांची जीभ सुटली. उमंगला काही कळत नाही. नव्या पोरांना स्वस्त दिसलं की झालं. आठ महिने त्या डबड्यापायी आपण शेवटून पहिले येतोय, आणि हा म्हणतो लागणार नाही.

"परवा तुमच्या हातून कप निसटला," मनोरमाबाई म्हणाल्या.

"हँडल तेलकट होतं."

"त्याआधी बशी. त्याआधी देवघरातली समई. त्यांचेही प्रोसेसर बदलायचे का?"

"रिक्षा थांबव," चंद्रहासराव म्हणाले.

"अहो."

"थांबव म्हणतो ना!"

ते उतरले. खोकी तिथेच ठेवून, मागे न बघता, केळीच्या वाडीच्या कुंपणाच्या कडेने चालू लागले. उजवी चप्पल मातीत घासत होती. रिक्षावाल्याने आरशातून मनोरमाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मागनं चालव. हळू." घरापर्यंत रिक्षा त्यांच्या मागून माणसाच्या वेगाने येत राहिली आणि त्यामुळे त्यांचा राग आणखीच वाढला.

त्या आठवड्यात घरात बोलणं झालं ते कामापुरतं. रविवारी सकाळी उमंग आला. त्याला आईने बोलावलं होतं. तो मागच्या खोलीत गेला, नवी खोकी बघितली आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

"थांब," चंद्रहासराव दारातून म्हणाले. "आधी जुन्यावर एक फेरी मार. मग नव्यावर तीच फेरी, तीच गाडी. तुलना करायची तर नीट करायची."

उमंगचा हात कॅबिनेटवर थांबला.

"राहू दे ना, बाबा. थेट बसवतो. तुम्हीच बघा मग."

"मार म्हणतो ना. तुलाही कळू दे काय भोगतोय मी."

"मी खूप दिवसांत खेळलो नाही."

"नको खेळूस. चालव नुसती."

उमंग बसला. खुर्ची मागे घ्यावी लागली, त्यात थोडा वेळ गेला. पहिल्या दोन वळणांवर तो चाचरला. मग हातांना आठवलं. लांब सरळ रस्ता, डावं वळण, लगेच उजवं. त्याचे हात फिरत होते आणि गाडी वळत होती. मध्ये काही नव्हतं. आजूबाजूला वीस गाड्या होत्या, कॉम्प्युटरने चालवलेल्या, आणि त्यांच्या गर्दीतून तो सुईत दोरा ओवावा तसा पुढे गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा हलत होता. एकेचाळीस. चव्वेचाळीस. एकेचाळीस.

फेरी संपली. उमंग थांबला नाही. क्षणभर त्याला विसर पडला होता आपण कुठे आहोत याचा. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी त्याला मागे वडिलांचा श्वास ऐकू आला. त्याचे खांदे आखडले. ब्रेक मारायची जागा आली आणि गेली. गाडी सरळ वाळूत घुसली.

"बघा," तो म्हणाला. "अडकते. खरंच अडकते, बाबा. जुना झालाय."

चंद्रहासराव स्क्रीनकडे वाकले.

"आता बसवतो नवीन," उमंग उठू लागला.

"मुद्दाम घातलीस."

"नाही हो."

"मागच्या फेरीत ब्रेक तिथेच मारलास, बरोबर त्या पांढऱ्या पाटीशी. आता विसरलास?" त्यांनी खुर्चीची पाठ पकडली. "मला येडा समजतोस? तू खोटं बोलतोस तेव्हा तुझा आवाज बसतो. शाळेत असल्यापासून बसतो."

"मग काय सांगू?" उमंग ओरडला. त्याचा आवाज आता अजिबात बसलेला नव्हता. "काय सांगू मी तुम्हाला? केबल बदलली तुम्ही, मी गप्प. स्प्रिंगा बदलल्या, गप्प. मी तो साधा आणला, कारण कुठलाही आणला असता तरी..."

तो थांबला. बाहेर मनोरमाबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि शांत झाल्या. त्या दाराशी आल्या होत्या, पण आत आल्या नाहीत.

"पुरं कर," चंद्रहासराव म्हणाले.

उमंग स्क्रीनकडे बघत राहिला. वाळूतल्या गाडीचं इंजिन घरघरत होतं.

"पुरं कर ना. बोलायला लागलास तर पुरं बोलायचं."

चंद्रहासरावांनी उजवा हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला. मूठ मिटायला सांगितली. चार बोटं मिटली; करंगळी थोड्या वेळाने, जणू दुसऱ्या कुणाला विचारून, आली. त्यांनी ती मूठ उलटी करून खुर्चीच्या पाठीवर आपटली, एकदा, मग पुन्हा, आणि मनोरमाबाई पुढे आल्या तशी डाव्या हाताने त्यांना थांबवलं.

"ऊठ," ते उमंगला म्हणाले.

उमंग उठला. चंद्रहासराव बसले. खुर्ची पुढे ओढली, पाय पेडलांवर ठेवले. वाळूतली गाडी त्यांनी बाहेर काढली नाही. स्टिअरिंगमागची दोन पॅडलं, गिअर बदलायच्या पट्ट्या, चाचपली.

"गिअर वर टाकायचं पॅडल उजवीकडे आहे," ते म्हणाले. आवाज अजूनही भांडणाचाच होता. "ते डावीकडे घेता येतं?"

"येतं," उमंग म्हणाला. "मग खाली टाकायचं?"

"तेही डावीकडेच. एखादं बटण असेल ना अंगठ्याशी."

"आहे."

"आणि स्टिअरिंग कमी फिरवलं तरी गाडी जास्त वळायला हवी."

"तसंही होतं. पण सरळ रस्त्यावर ती नाचेल, बाबा. सांभाळायला जड जाईल."

"नाचू दे. सरळ रस्त्यावर मी आजवर कधी पडलो नाही."

उमंगने कीबोर्ड जवळ ओढला. मग नव्या खोक्यांकडे हात केला.

"हे जेन्सनकडे परत करू का?"

"परत कशाला?" चंद्रहासराव कडाडले. "मी बघून घेतलाय तो. हे झालं की तोही बसवायचा. पुढच्या वर्षी लागेल."

उमंगने मान हलवली आणि सेटिंग उघडलं. बोटं कीबोर्डवर होती, पण नजर वडिलांच्या हातावर गेली. तो हात आता स्टिअरिंगवर उजव्या बाजूला ठेवलेला होता, नुसता धरण्यापुरता.

"माझ्याकडे काय बघतोस?" चंद्रहासराव म्हणाले. "तिकडे बघ. लाव."