गार नळीची पहिली गोळी

बसा मित्रांनो, टेका पाठ. एक गोष्ट सांगते. आधीच बोलून ठेवते, तिच्यात माझा जळफळाट आहे.

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मग चाप ओढायचा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात माझ्या मालकिणीच्या, ओलेटाच्या, आज्यानं मला घडवली. तिच्या घरी दर हिवाळ्यात हरणाचं मटण शिजायचं ते माझ्या जिवावर. आल्यागेल्यानं माझ्या दस्त्यावरून हात फिरवायचा, वाहवा करायची.

मग तिचा धाकटा भाऊ डेन्झिल नवी घेऊन आला. तीही ठासणीचीच, पण काळीकुळकुळीत, डोक्यावर दुर्बीण. माझ्या पोटात निखारा पडला.

ओलेटाचे गुडघे गेलेले. ती म्हणाली, औंदा डोंगर एकदाच चढीन, जी नीट मारेल तिलाच नेईन. म्हणजे दुसरी भिंतीवर.

गोठ्यामागं टेबल मांडून आमची परीक्षा सुरू झाली. ओलेटाची रीत ठरलेली. एक बार काढला की ओल्या चिंधीनं नळी पुसायची, कारण आत ठिणगी राहिली नि वर दारू पडली तर हात जातो. मग मला सावलीत टेकवून ती कॉफी प्यायची. मनगट नळीला लावून गार लागलं तरच पुढची गोळी.

डेन्झिलला कुठला दम! चिंधी फिरवली की लगेच ठासायचा. नवीची नळी तव्यासारखी तापली. गोळ्या वर वर चढायला लागल्या, तसा त्यानं दुर्बिणीचा स्क्रू पिळून त्या खाली आणल्या.

"ताई, तुझी म्हातारी दर गोळीला डुलकी काढते," तो म्हणाला.

"हरीण तुझी नळी तापेपर्यंत उभं राहतं होय रे?" ओलेटा म्हणाली. "त्याला पहिलीच गोळी लागावी लागते, गार नळीतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर हिव पडलेलं. नवीची पहिली गोळी निशाण सोडून पार खाली मातीत घुसली. मला असं गोड वाटलं म्हणून सांगू! डेन्झिल चिडून म्हणाला, दुकानात परत देतो हिला. दे बाबा, मी मनात म्हटलं, आत्ताच दे.

पण ओलेटानं त्याचा हात धरला. "ताप चढला असताना तू तिचं माप घेतलंस. तिचा काय दोष?"

तिनं स्क्रू मागं फिरवला नि नवीलाही सावलीत टेकवली. माझ्या सावलीत, माझ्या शेजारी! मनगटही तसंच लावलं, मायेनं. त्यानंतर नवीच्या गोळ्या एकीला एक चिकटून बसल्या. माझ्या मात्र इकडं-तिकडं विखुरल्या. ओलेटाच्या डोळ्यांना माझ्या नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आता धड दिसत नाही, नि माझी नळीही झिजली आहे.

नवी डोंगरावर गेली. हरीण आलं. घरभर मटणाचा वास सुटला, डेन्झिल कौतुक करत राहिला, आणि मी खिळ्यावरून ऐकत राहिले.

मित्रांनो, तुमच्याकडं कुणी नवं आलं तर त्याला गार होऊ द्या, मग पारखा. एवढं मला पटलंय, बाकी जळणं काही गेलं नाही. म्हणून एक मागते. ओलेटाकडं गेलात तर माझ्या नळीत तेलाची चिंधी फिरवा, गंज चढतोय. आणि तेवढा वेळ, कृपा करून, त्या दुर्बीणवालीकडं बघू नका.