उत्तर आलं की पुढे

त्याने कमांडच्या ‘नवा कोड चढवायचा का?’ या प्रश्नासमोर ‘नाही’ टाईप केलं, एंटर दाबलं, आणि कमांड खुशाल पुढे निघाली. जुना कोड काढला, नवा चढवला, वर ‘काम झालं’ असं छापून मोकळी झाली.

सर्व्हर लुटुपुटूचा, चाचणीपुरता होता म्हणून बरं. नवा कोड लोकांपर्यंत पोचवायला ऑफिसातले सगळे वर्षानुवर्षं हीच कमांड चालवत आले होते, आणि आता तिच्या टेस्ट लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. म्हणजे प्रोग्रामनेच कमांडला उलटसुलट उत्तरं देऊन ती नीट वागते का ते तपासायचं. ‘हो’च्या टेस्ट पटापट पास होऊन हिरव्या झाल्या. ‘नाही’ची एकच सकाळपासून लाल होती. आधी त्याला आपलीच चूक वाटली, म्हणून ती पुन्हा लिहिली. शेवटी हाताने करून बघितलं, तर हे.

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, फोन पाहिला. आईचा निरोप नव्हता. तिकडे तिच्या घरी सामान बांधणारी माणसं पोचली असणार. संध्याकाळी घर रिकामं करून आई त्याच्याकडे यायची होती, कायमची. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, तरी त्याचं बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं.

“काय रे, मुंग्या चावतायत का?”

पलीकडून तात्याने विचारलं. वय पस्तिशीचं, पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बोलायचा, म्हणून तात्या. कमांड मूळ त्याच्याच हातची.

“तुझी कमांड ‘नाही’ म्हटलं तरी जाते.”

तात्याने येऊन वाकून पाहिलं आणि हसायलाच लागला.

“अरे हो की! उत्तर आलं का, एवढंच बघितलंय मी. काय आलं ते बघायचंच राहिलं.”

“मग विचारायचं कशाला?”

“विचारलेलं बरं दिसतं. आणि इतक्या वर्षांत कुणाची तक्रार आहे का? इथवर आल्यावर नाही कोण म्हणतंय!”

तात्या चहाला गेला. एरवी तोही हसला असता. आज त्याला हसू येईना.

धाकट्या बहिणीने परवाच फोनवर विचारलं होतं, “दादा, आईला विचारलंस ना?” “विचारलं की!” म्हणून तो तिच्यावर खेकसला होता. खोटं नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने विचारलं होतं. ती काय म्हणाली, ते आता आठवेना. आठवत होतं ते त्याचंच वाक्य: मग गुरुवारी गाडी पाठवतो. त्या वाक्याच्या आधीचं सगळं कोरं होतं.

त्याने आईला फोन लावला. मागे खोकी ओढल्याचे आवाज येत होते.

“आई, तुला यायचंय ना गं इकडे?”

“आता विचारतोयस?” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

“त्या दिवशी विचारलं होतं ना मी.”

“विचारलंस की. मी नको म्हटलं. तर तू म्हणालास, गुरुवारी गाडी पाठवतो.”



“मग थांबवायचंस ना त्या माणसांना.”

“सांगितलं सकाळीच. ते म्हणतात, साहेबांनी बुकिंग केलंय. थांब, फोन देते त्यांच्याकडे. तूच सांग.”

“हां साहेब, बोला.” दमलेला, घाईतला आवाज. “कपाट उतरवतोय आता.”

“उतरवू नका. थांबा जरा.”

“म्हणजे रद्द? नक्की का साहेब?”

‘नक्की’ त्याच्या जिभेवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

“मला नका विचारू. त्यांना विचारा. त्या म्हणतील तसं करा.”

पलीकडे त्या माणसाने आईला विचारलेलं ऐकू आलं. फोन कानाशी दाबून तो उभा राहिला, आणि मध्येच आपण काही बोलून जाऊ नये म्हणून त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.