घुमटाखालचा आवाज

"अगं, भिंतीला काय कान लावून बसलीस? चल, अजून पुष्कळ बघायचंय," आई म्हणाली.

चिमणीने ओठांवर बोट ठेवलं.

आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. त्या कामासाठी परक्या भाषेच्या या मुलखात येऊन वर्ष होत आलं होतं. घरात चिमणीची टकळी अखंड चालू. शाळेत मात्र तोंडातून ब्र निघत नसे. सुरुवातीलाच तिचा एक उच्चार चुकला, अख्खा वर्ग खो खो हसला आणि तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. शेवटी बाईंनी आईला बोलावलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तिला सगळं कळतं. पण बोललीच नाही, तर खालच्या वर्गात बसवावं लागेल. जरा बाहेर न्या तिला, माणसांत."

म्हणून सुट्टीच्या दिवशी आई तिला या जुन्या राजधानीत घेऊन आली होती. तटबंदी झाली, तोफा झाल्या. चिमणी प्रत्येक पाटी वाचून अर्थ आईच्या कानात सांगायची. मोठ्याने एक अक्षर नाही.

आणि आता हा घुमट. इथे भिंतीशी कुजबुजलेलं थेट पलीकडच्या टोकाला ऐकू जायचं.

"आई, भिंत बोलतेय! विचारतेय, तू कोण?"

आईने पाहिलं. पलीकडे खांबाआडून लाल झग्याचं टोक तेवढं दिसत होतं.

"मग सांग की."

"नको. हसेल ती."

"हसू दे. तिला कुठे तुझं तोंड दिसतंय?"

चिमणीने भिंतीला नाक टेकवलं आणि काहीतरी पुटपुटली. पलीकडून हसू आलंच. आई झटकन पुढे सरकली. पण चिमणीही हसत होती.

"आई, मी त्यांच्या भाषेत 'मुलगी' म्हणायला गेले आणि 'मुळा' म्हणाले!"

"मग गं?"

"ती म्हणाली, बरं, मग मी गाजर!"

मग भिंत थांबेचना. आधी शब्द, मग वाक्यं. आईला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. थोड्या वेळाने लाल झगा खांबाआडून बाहेर आला आणि दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या.

खाली परतीच्या बसचा भोंगा वाजला, तशी त्यांच्यामागच्या पायरीवर बसलेली आई उठली. 'चल गं' आईच्या अगदी ओठांवर आलं. चिमणी कसलीशी लांबलचक गोष्ट सांगत होती; शब्द अडला की हवेत बोटाने चित्र काढायची आणि गाजर तिला तो शब्द पुरवायची.

आई पुन्हा खाली बसली. दुखरे पाय तिने चपलांतून बाहेर काढले आणि बस जाऊ दिली.