वृंदाची गार्जेन

सुहासिनी लेल्यांना कोणी इंग्रजी शब्दाचा अर्थ समजावून सांगायला लागलं की त्यांचं डोकंच फिरायचं. आणि का नाही फिरणार? जन्म कलकत्त्याचा, एस्प्लनेडच्या विमा कंपनीत सव्वीस वर्षं टायपिस्ट, त्यातली शेवटची आठ सगळ्या टायपिस्टांच्या वर. साहेबांच्या पत्रांतलं इंग्रजी या परस्पर सुधारायच्या आणि साहेब गुमान सही ठोकायचे. अशा बाईला शाळेच्या बडदींनी ‘गार्डियन’ म्हणजे काय ते शिकवायला घ्यावं!

बडदी म्हणजे वृंदाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बंगालीत त्याचा अर्थ थोरली ताई. सहाशे मुली, शिक्षिका, दरवान, झाडून सगळे त्यांना बडदीच म्हणत.

भानगड झाली ती अशी. वृंदा अकरावीत, ऐन बोर्डाचं वर्ष, आणि तिच्या वडिलांची, बँकेतल्या मनोहरपंत साठ्यांची, गौहाटीला बदली झाली. कलकत्त्याच्या मराठी मंडळींत अशा वेळची एक रीत पडून गेली होती. बदलीवाल्यानं निघताना मूल इथल्या कायमच्या कुणाच्या तरी घरी ठेवायचं. कागद नाही, करार नाही. ट्रंक आली, मूल आलं, की झालं. सुहासिनीबाईंनी लग्न केलं नव्हतं, पण अशी तीन मुलं बोर्डातून पार करून दिली होती. वृंदा चौथी. आल्या दिवसापासून ती त्यांना मावशी म्हणू लागली.

डिसेंबरात, एका सोमवारी, परीक्षेचा फॉर्म घरी आला. त्यात गार्डियनचं, बंगाली बोलीत गार्जेनचं, नाव आणि पुढे नात्याचा रकाना. सुहासिनीबाईंनी हातही न थांबवता लिहून टाकलं, ‘मावशी’. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. आईच्या वयाची बाई मावशी नाही तर कोण? पण बडदींनी फॉर्म घेताना वृंदाला सहज विचारलं, “आईची सख्खी बहीण का गं?” पोरगी सरळ. ती म्हणाली, “नाही.”

बुधवारी सुहासिनीबाईंना बोलावणं आलं.

“तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत,” बडदी म्हणाल्या. “गार्डियन म्हणजे कायद्यानं जबाबदार माणूस. वडील, नाहीतर रक्ताचं कोणी. शुक्रवारी तीनपर्यंत अशी सही आणा. नाहीतर यंदा ही परीक्षेला बसणार नाही.”

गौहाटीहून कागद यायला आठ दिवस लागणार. रक्ताचा माणूस शहरात एकच, वृंदाचा काका दिगंबर, खिदिरपूरला कस्टममध्ये. गुरुवारी संध्याकाळी सुहासिनीबाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

दिगंबर कसनुसा हसला. “सुहासताई, दिवस कसले आहेत बघताय ना? रोज कुठे ना कुठे बाँब फुटतोय, नक्षलवादी म्हणून पोलीस कॉलेजातली पोरं उचलतायत. उद्या हिच्या वहीत कुणी भलतंसलतं पत्रक सारलं, तर पोलीस फॉर्मवरचं नाव वाचून माझ्या दारात येणार. मी पडलो सरकारी नोकर. तुम्ही दादाला तार करा.”

“तारेतून सही येत नाही, दिगंबरराव,” सुहासिनीबाई म्हणाल्या आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठल्या. काका म्हणे! त्यांचं रक्त नुसतं उकळत होतं.

शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ट्रॅममध्ये वृंदा म्हणाली, “मावशी, माझं वर्ष जाणार का गं?”

“जायला वर्ष म्हणजे काय छत्री आहे, ट्रॅममध्ये राहून गेली? गप्प बस आणि सरळ बस.”

बडदींसमोर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि अस्सल बंगालीत सुरुवात केली. “सप्टेंबरात ही वर्गात चक्कर येऊन पडली, तेव्हा तुमचा दरवान धावत कुणाकडे आला होता?”

“तुमच्याकडे.”

“काय म्हणाला? ‘गार्जेनला बोलावलंय.’ टायफॉइड निघाला. एकवीस दिवस हिच्या उशाशी कोण होतं? गणितात गचकली, तेव्हा परत गार्जेनला बोलावणं. बाहेरच्या बाकावर मला दीड तास बसवलंत, बडदी! तेव्हा नाही विचारलंत रक्ताचं.”

“ते बोलण्यातलं झालं. हा कागद आहे.”

“कागदावरचा शब्द बोलण्यातूनच येतो ना? या शहरात डॉक्टर विचारतो गार्जेन कोण, शिकवणीचे मास्तर विचारतात गार्जेन कोण. हाक मारल्यावर जो येतो, तो गार्जेन. आणि मावशीचं म्हणाल, तर सहाशे मुलींच्या थोरल्या ताई तुम्ही. एका आईच्या का हो सगळ्या?”

बडदींनी हसू दाबलं. मग चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, “बोलण्यात मी तुम्हाला हरवू शकणार नाही. पण उद्या काही झालं, तर मी कुणाला धरायचं?”

“मला. लिहून देते.”

आणि त्यांनी दिलं लिहून, तिथल्या तिथे. ही मुलगी आजारी पडो, नापास होवो, पोलीस दारात येवोत, जाब आधी मला विचारावा. खाली ठसठशीत सही.

“आता नात्याच्या रकान्यात खरं लिहा,” बडदी म्हणाल्या.

सुहासिनीबाईंनी ‘मावशी’ खोडलं. शेजारी त्यांनी लिहिलं, ‘काही नाही’.

तेवढ्यात दारात दिगंबर. घामाघूम, हातात ऑफिसची बॅग. “रात्रभर झोप नाही आली, ताई. पुतणी आहे माझी. कुठे करायची सही?”

बडदींचा चेहरा खुलला. “हे सख्खे काका? मग प्रश्नच मिटला. दुसरा फॉर्म देते.”

सुहासिनीबाईंनी आपलं पेन निमूटपणे दिगंबरपुढे सरकवलं. पोरीचं वर्ष वाचलं, आणखी काय हवं होतं? पण त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खिडकीबाहेर बघत त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

मागे उभी असलेली वृंदा पुढे आली आणि तिनं ते पेन उचललं. “काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण माझ्या गार्जेनची सही झालीय.”

“अगं, पण तिथे काय लिहिलंय बघ,” बडदी म्हणाल्या. “नातं, काही नाही.”

“असू दे, बडदी. नातं काही नाही. गार्जेन आहे.”

बडदींनी एकदा त्या मुलीकडे बघितलं, दुसरा फॉर्म खणात टाकला, आणि शाळेचा शिक्का उचलून सुहासिनी लेल्यांच्या सहीशेजारी नीट दाबून मारला.