आवाज खाली आणताना

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे. त्याला घरात माझ्याहून जास्त मान असतो. मी दोन गाणी एकमेकांत अशी मिसळतो की ऐकणाऱ्याला जोड कळू नये.

मित्रांनो, मुंढव्यातली शेती जाऊन तिथे इमारती उठल्या, तेव्हा माझ्या मालकांनी, बापूरावांनी, वरातींसाठी स्पीकर घेतले आणि त्यांच्याबरोबर मला. हळदीला, मिरवणुकीला मी जिवाच्या कराराने वाजलो. आवाज वरखाली करायच्या माझ्या सरकत्या पट्टीत गुलाल जाऊन ती खरखरू लागली, तशी माझी रवानगी माळ्यावर झाली. फार अपमान वाटला.

मला खाली काढलं त्यांच्या मुलीने, उत्कर्षाने. ती हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होती आणि घरी आली की स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीत रचायची आणि माझ्यावर चुकत चुकत मिसळायची. डिसेंबरात शहराबाहेरच्या टेकडीवर होणाऱ्या महोत्सवात वाजवायचं, हा तिचा एकच ध्यास. तिथले कलाकार इंद्रजीत निवडायचा. तिने रेकॉर्डिंग पाठवून पाठवून त्याला भंडावून सोडलं. शेवटी तो म्हणाला, "कोरेगाव पार्कात शनिवारी एक शो आहे. तिथे ओपनिंग कर. मी ऐकायला येतो, मग फेस्टिव्हलचं बघू."

ओपनिंगची रीत वेगळी असते. हॉल नुसता कोमट करायचा. लोकांना आधीच नाचवून दमवलं, तर मागून वाजवायला येणाऱ्या मुख्य पाहुण्याने काय करावं? असा आगाऊपणा करणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. उत्कर्षाला हे ठाऊक होतं. सामान उचलू लागायला आलेल्या बापूरावांना नव्हतं. वरातीत माणसं जरा थांबली, तरी नवरदेवाचा मामा अंगावर धावून येतो, एवढंच त्यांना माहीत.

तिचा हात माझ्यावरच बसला होता, म्हणून शनिवारी तिने मलाच नेलं. लोक हातात ग्लास घेऊन गप्पा मारत होते, माना हलवत होते. सगळं अगदी हवं तसं चाललं होतं. बापूराव मात्र घामाघूम झाले.

"पोरी, माणसं नुसती उभी हायत. कुणी नाचंना."

"आप्पा, नाचायला नकोच आहे."

त्यांना ते पटेना. ती पुढचं गाणं शोधायला वाकली आणि त्यांनी माझी पट्टी थेट वर ढकलली. हॉल असा दणाणला की माझी खरखरही त्यात बुडाली. लोक ओरडत पुढे धावले. दाराशी उभ्या इंद्रजीतच्या कपाळावर आठी पडली. मुख्य पाहुणाही आतून बाहेर येऊन बघू लागला.

"आप्पा, हात काढा," उत्कर्षा त्यांच्या कानाशी म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यांनी हात काढला.

आता आवाज एकदम पाडला, तर रंगाचा बेरंग. तसाच ठेवला, तर महोत्सव गेला. तिने पट्टीवर बोट ठेवलं. ते थरथरत होतं. मला भीती वाटत होती ती माझीच, कारण पट्टी जरा जोरात ओढली गेली असती, तर मी भर हॉलमध्ये खरखरलो असतो. तिने एक गाणं दुसऱ्यात विरघळवलं, घुमणारा ठेका थोडाथोडा काढून घेतला आणि मला केसाकेसाने खाली आणलं. नाचणारे कधी नुसते डोलू लागले, ते त्यांनाही कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मुख्य पाहुणा वाजवायला उभा राहिल्यावर इंद्रजीत आमच्याकडे आला. "वर सगळेच नेतात. खाली आणणारं कुणी भेटत नाही. डिसेंबरची डेट ब्लॉक कर."

बापूराव केबल गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "माझ्यापायी समदं घालवून बसली असतीस," एवढंच म्हणाले.

डिसेंबरात उत्कर्षा टेकडीवर गेली, ती हेडफोन आणि पेन ड्राइव्ह घेऊन. तिथे मिक्सर त्यांचेच असतात, नवे कोरे. मी घरी राहिलो. राग आला नाही, असं म्हणणार नाही. मित्रांनो, मोठ्या मंचावर तुम्हाला सगळं नवंच मिळेल. पण ज्याच्यावर चुकत चुकत हात बसवलात, त्याच्यावरून अधूनमधून एकदा बोट फिरवत जा. तुमचं बोट थरथरत होतं तेव्हा त्याच्याखाली तोच होता.