पंखावरचा ठिपका

मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्या पोटात धुळीचा एक कण आहे. मित्रांनो, त्या कणापायी काय झालं ते तुम्हाला सांगतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं होतं, आपण लग्नं टिपणार, डोंगर टिपणार. पण मला घेतलं ते दुकान बंद केलेल्या एका घड्याळजींनी आणि माझ्या नशिबी आल्या माश्या. त्याही मोहरीएवढ्या!

हे घड्याळजी काका एकटेच राहत. खिडकीच्या काचेवर माशी बसली की श्वास रोखून मला तिच्याजवळ नेत. मग फोटो मोठा करून पंखावरच्या शिरा आणि पाठीवरचे केस मोजत आणि प्रजाती ओळखत. अडलं तर माश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवत. बाईंचा फोन आला की काकांचा सगळा दिवस आनंदात जाई. दुसऱ्या कोणाचा फोन येतच नसे.

"काय काका, माश्या मारताय वाटतं?" शेजारीण चिडवी.

"मारत नाही हो, ओळखतोय!"

एकदा माझ्या फोटोत एका माशीच्या पंखावर काळा ठिपका दिसला. तसा ठिपका कोणत्याच पुस्तकात नव्हता. माशी अजून काचेवरच होती. काकांनी घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं. पंख स्वच्छ होता.

"डोळे म्हातारे झाले माझे," ते पुटपुटले आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नवी प्रजाती सापडली म्हणून गल्लीभर सांगून आले.

तो फोटो पाहून बाईंनी आणखी फोटो मागवले. मग त्यांचा फोन आला.

"काका, दुसऱ्या फोटोत तोच ठिपका नुसत्या काचेवर आहे. तुमच्या कॅमेऱ्यात धूळ गेलीय. अहो, होतं असं. पाठवत राहा फोटो."

"हो हो," काका म्हणाले. फोन ठेवला. "जन्मभर लोकांच्या घड्याळांतली धूळ काढली मी," एवढंच बोलले.

माशी शिंकली ती माझ्या पोटात, पण तोंडावर पडले काका. तुमचे डोळे बरोबर होते हो, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

तेव्हापासून मी कपाटात आहे. काका खिडकीशी बसत नाहीत, शेजारणीलाही टाळतात. बाई फोटोची वाट पाहत असतील आणि काका फोनची. मला फार एकटं वाटतं, पण काकांइतकं नसेल.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळच्या वेळी साफ करा. रबरी फुग्यातल्या हवेचा एक झोत पुरला असता. आणि तुमच्या ओळखीचं कोणी एखादी चूक झाल्यावर गप्प गप्प झालं, तर एकदा फोन केला म्हणून थांबू नका. दुसऱ्यांदा करा.