बी विंगमध्ये दिसेपर्यंत

रविवारी संध्याकाळी पाच वाजता भांडुपच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये भजनी मंडळ बसलं होतं आणि पखवाजाला कुणी हात लावत नव्हतं. वार्षिक भजनाची पहिली थाप पन्नास वर्षं गुणाजींची. यंदा गुणाजी कंबरेचं हाड मोडून बी विंगच्या चौदाव्या मजल्यावर खाटेवर. म्हणून मंडळाने परस्पर ठरवून टाकलं, की त्यांच्या घरून ‘दिसतंय’ असा फोन आल्याशिवाय सुरुवात करायची नाही. ठरवायला यांचं काय जातं! निस्तरायचं सर्वेशला होतं.

सर्वेश नेटवर्कचं काम करायचा. सोसायटीच्या जागी पूर्वी चाळ होती, तिथे त्याच्या घरी एक खोली आणि सात माणसं. दहावी ते बारावी त्याने अभ्यास केला तो शेजारच्या गुणाजींच्या पोटमाळ्यावर. गिरणी सुटलेली, रखवालदारीवर घर चाललेलं, जिवाला विरंगुळा म्हणून एक पखवाज. पण पोराला त्रास नको म्हणून त्या माणसाने तीन वर्षं तो घरात वाजवला नाही. देवळात जाऊन रियाज करायचा. कुणाला बोलून दाखवलं नाही. सर्वेश ते विसरला नव्हता.

गणपतीत मोबाइलवर लाइव्ह करून पाहिलं होतं. ऐंशी घरांनी एकदम लावलं आणि सोसायटीच्या एकुलत्या एक लाइनने मान टाकली. म्हणून सर्वेशने यावेळी वेगळी व्यवस्था केली. हॉलमधून चित्र एकदाच निघायचं आणि जे घर मागेल तिथेच पोचायचं, सगळं सोसायटीच्या आतल्या आत. याला मल्टिकास्ट म्हणतात. दोन विंगांच्या मधे एक राउटर होता. त्यावर एक प्रोग्राम गुपचूप चालत राहायचा, त्याला डिमन म्हणतात. ‘ए विंगमधून येईल ते बी विंगला जाऊ दे,’ एवढं त्याला सांगायचं. शनिवारी सर्वेशने चाचणी घेतली ती ए विंगमध्ये. चित्र झकास. बी विंगपर्यंत जाऊन बघायचा मात्र साहेबांना कंटाळा आला.

आता ए विंगमध्ये घराघरांत हॉल दिसत होता आणि बी विंगमध्ये काही नाही. गुणाजींच्या सुनेचा, श्वेताचा फोन आला.

“सर्वेश, टीव्ही निळाच आहे रे. बाबा तासभर टोपी घालून बसलेत.”

त्याने डिमन तीनदा बंद करून चालू केला. त्याच्या यादीत बी विंग होती, गुणाजींच्या घराची मागणीही दिसत होती. चित्र तुकड्यातुकड्यांनी ज्या पाकिटांतून जातं, त्या पलीकडे गेलेल्या पाकिटांचा आकडा मात्र शून्य.

“वाट लागली ना?” आज गुणाजींच्या जागी बसलेला विशाल म्हणाला.

“गप बस रे.”

तेव्हा त्याला मृणालिनी मॅडम आठवल्या. अंधेरीच्या पहिल्या नोकरीतल्या त्याच्या वरिष्ठ. प्रत्येक सेटिंगखाली मराठीत एक ओळ लिहायचीच, हा त्यांचा नियम. मशीन ती ओळ वाचत नाही. ती मागून येणाऱ्या माणसासाठी. आजची सेटिंगची फाइल मूळची त्यांचीच होती, फक्त या शहाण्याने त्या ओळी बावळट दिसतात म्हणून उडवल्या होत्या. त्याने जुन्या मेलमधून मूळ फाइल काढली. शेवटी लिहिलं होतं:

‘यादी बरोबर, मागणी आहे, तरी पलीकडे शून्य? बाळा, राउटरला छळू नकोस. पाठवणारं मशीन बघ. किती राउटर ओलांडायचे, तो आकडा प्रत्येक पाकिटावर असतो. आपण सांगितला नाही तर बहुतेकदा तो एकच असतो आणि पाकीट पहिल्याच उंबऱ्यावर संपतं. मी यात दोन दिवस घालवलेत.’

हॉल ए विंगच्याच बाजूला, तिथे उंबरा ओलांडायचाच नव्हता, म्हणून शनिवारी सगळं आलबेल! सर्वेशने चित्र पाठवणाऱ्या हॉलमधल्या लॅपटॉपवर एकाचे आठ केले आणि मनातल्या मनात मॅडमना हात जोडले.

मिनिटभरात श्वेता फोनवर ओरडली, “दिसतंय!”

विशालची थाप पडली. पहिला गजर संपतो न संपतो तोच फोनवर गुणाजी.

“त्या विशाल्याक सांग, धावता खंय? गाडी सुटता काय त्येची?”

सर्वेश हसला. मग पलीकडून म्हातारा हळूच म्हणाला, “आवाज वाढवू मा रे? तुझो अभ्यास नाय ना आज?”

“वाढवा काका,” तो कसाबसा म्हणाला, “पायजे तेवढा वाढवा.”

भजन रंगात आलं, तेव्हा तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. मॅडमच्या सगळ्या ओळी त्याने एकेक करून परत जागेवर लावल्या. खाली स्वतःची एक लिहिली:

‘बी विंग, चौदावा मजला. इथे पोचतंय का, ते आधी बघ.’